एक कनू, दोन पारखी

सासऱ्यांनी होडीकडे आधी पाहिलंच नाही. त्या लांबट लाकडी कोठारात शिरल्या शिरल्या त्यांनी खिडकी शोधली. दक्षिणेच्या भिंतीत एक होती, धुळीने आंधळी झालेली. तिच्यातून येणारं ऊन कुठवर पोचत असेल याचा अंदाज घेत ते दोन पावलं मागे सरकले, आणि मग कुठे लाकडी घोड्यांवर पालथ्या घातलेल्या १६ फुटी हिरव्या कनूकडे वळले.

जावई तोवर तिच्या बुडावरून हात फिरवून मोकळा झाला होता. "बाबा, ओरखडे बघू नका हं. नदीतली होडी म्हटल्यावर ओरखडे असणारच."

"ओरखडे कुठे बघतोय? ऊन बघतोय."

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, त्यातलं फ्रायबर्ग हे सॅको नदीकाठचं गाव. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीहून दोघं तीन तास गाडी हाकत आले होते. जावई गेली दहा वर्षं उन्हाळ्यात भाड्याच्या होड्या वल्हवत आलेला; यंदा स्वतःची घ्यायचीच असं त्याने ठरवलं होतं. सासरे मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. कनू हा प्रकार त्यांनी जन्मात पहिल्यांदा जवळून पाहिला तो त्या सकाळी. पण भोसरीच्या एका शेडमध्ये त्यांची ३१ वर्षं प्लास्टिकची शीट तापवून फ्रिजची आतली पांढरी पेटी ओढण्यात गेली होती. होडीच्या मालकाने ७०० डॉलर सांगितले आणि तो हातातला कॉफीचा मग घेऊन दाराशी जाऊन उभा राहिला. गिऱ्हाईक आपसात कुठल्या भाषेत भांडतंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

"हे रॉयलेक्स," जावयाने बोटाने बूड ठोकलं. "साधं प्लास्टिक नाही हे, सँडविच आहे. मध्ये एबीएसचा फोम, त्याच्या दोन्ही बाजूंना भरीव एबीएस, आणि सगळ्यात वर, आतून नि बाहेरून, व्हिनाइलचं कातडं."

"शीट तापवून साच्यात ओढतात?"

"हो. भट्टीत शीट तापली की मधला फोम फुगतो. मग साच्यातली हवा खेचून घेतात, की शीट जाऊन साच्याला चिकटते."

"म्हणजे आमचा फ्रिजच की," सासरे म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा खूश दिसले.

त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. एबीएस म्हणजे अॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन यांचं प्लास्टिक. फ्रिजच्या आतल्या पेटीत, हेल्मेटच्या कवचात, १९६३ पासून लेगोच्या ठोकळ्यांत तेच आहे. अमेरिकेतल्या यू. एस. रबर कंपनीने, जिचं नाव पुढे युनिरॉयल झालं, त्याच्या जाड शीटांचे नाना उपयोग करून पाहिले. १९६४ च्या सुमाराला ओक्लाहोमातल्या ग्लेन प्रे यांनी जुन्या कॉर्ड मोटारीची छोटी आवृत्ती काढली, तिची बॉडी या कंपनीच्या रॉयलाइट नावाच्या प्लास्टिकची होती. ती मोटार फार चालली नाही. पण त्याच घरातली फोमची शीट होडीत गेली आणि तिथे तिने राज्य केलं. १९७० च्या दशकापासून पुढची जवळजवळ चार दशकं खडकाळ नद्यांत जाणाऱ्या माणसाची होडी म्हणजे रॉयलेक्सची, असं समीकरणच होतं.

"ओल्ड टाउन कंपनीने आपली ट्रिपर कनू कारखान्याच्या छतावरून खाली फेकली होती," जावयाने हुकमाचं पान टाकलं. "जाहिरातीसाठी. फोटो आहेत. होडीला काही झालं नाही."

"फेकलेली होडी नवी होती ना?"

जावयाने उत्तर दिलं नाही.

*

दोघांच्या भांडणाची खरी जागा हीच होती. जावयाच्या मनात टिकाऊपणा म्हणजे मार सोसणं. त्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. एका वसंतात त्याच्या गटातली एक कनू वेगाच्या पाण्यात आडवी झाली आणि खडकाला कमरेत बसली. अशा वेळी होडीत टनभर पाणी भरतं आणि मागून प्रवाह ढकलत राहतो. होडी खडकाभोवती पट्ट्यासारखी दुमडते. अॅल्युमिनियमची असती तर ती तिथेच भंगार झाली असती. पाच जणांनी दोर लावून ही ओढून काढली, बुडावर नाचून ती आतून बाहेर ढकलली, आणि संध्याकाळी त्याच होडीतून दोघं मुक्कामाला पोचले.

"घडी गेली पूर्ण?" सासऱ्यांनी विचारलं.

"रेष राहिली."

"रेष राहिली म्हणजे तिथलं प्लास्टिक ताणून पांढरं पडलं. पुढच्या वेळी ते तिथेच दुमडणार. कागद आणि काय."

"पण त्या दिवशी तिने दोघांना घरी आणलं, बाबा."

"आणलं. मी नाही कुठे म्हणतो? पण तुम्ही ती विकत घ्याल का?"

जावई हसला. ती नसती घेतली, हे त्याने कबूल केलं.

मग सासऱ्यांनी आपली बाजू मांडली, ती अगदी शेडमधल्या नव्या पोराला समजावतात तशी. एबीएसमधलं स्टायरीन आणि अॅक्रिलोनायट्राइल कडक असतं. नुसतं तेच असतं तर होडी काचेसारखी फुटली असती. मार गिळतं ते मधलं ब्युटाडाइन, म्हणजे रबर. पण याच रबराला ऊन आणि हवा सोसत नाही. जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड पिवळा पडतो, गच्चीवर राहिलेली एबीएसची पेटी दोन-चार उन्हाळ्यांनी कोपऱ्यात कडकन मोडते, ती याच पायी. "म्हणजे बघा, जे तिला दगडापासून वाचवतं तेच उन्हात आधी म्हातारं होतं. व्हिनाइल आहे ते तिचं छत्र. छत्र फाटलं की आतल्याचे दिवस मोजायला लागायचं. तुम्ही टिकाऊ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे दगड असतो, माझ्या डोळ्यांपुढे कॅलेंडर."

"मग कॅलेंडरच बघू," म्हणत जावई होडीच्या मागच्या टोकाशी गेला आणि उकिडवा बसला.

१ नोव्हेंबर १९७२ नंतर अमेरिकेत बनलेल्या प्रत्येक होडीवर ओळख क्रमांक असतो. कनूवर तो मागच्या टोकाला, उजव्या अंगाला, काठाच्या लगेच खाली मिळतो. बारा अक्षरं-आकडे असतात. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, पुढची पाच त्या होडीची, आणि जन्मपत्रिका शेवटच्या चारांत. मोबाइलच्या उजेडात जावयाने वाचलं: एल, ५, ९, ६. १९८४ पासूनच्या पद्धतीत यातलं अक्षर म्हणजे महिना, ए जानेवारी आणि एल डिसेंबर. त्यानंतरचा एकटा आकडा बनवल्याच्या वर्षाचा शेवटचा, आणि उरलेले दोन मॉडेलच्या वर्षाचे. म्हणजे ही डिसेंबर १९९५ ची, १९९६ चं मॉडेल. मालक दारातून म्हणाला होता की, १९९६ च्या वसंतात नवी घेतली. माणूस खरं बोलत होता. सासऱ्यांनी मान डोलावली. मालाआधी माल विकणारा तपासायचा, ही त्यांची जुनी सवय.

"तीस वर्षांची झाली म्हणायची."

"तीसेक. पण वर्षाला किती दिवस पाण्यात, ते महत्त्वाचं."

"उलट आहे. किती दिवस पाण्याबाहेर, आणि कुठे. आमच्याकडे दाभोळला पावसाळा लागला की होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात, ते काय होडीला थंडी वाजते म्हणून?"

*

त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला. खिडकीकडच्या अंगावर वीतभर जागा दाबून घासली आणि रुमाल उजेडात धरला. त्यावर फिकट हिरवी भुकटी होती. पलीकडच्या अंगावर तेवढीच जागा घासली तर रुमाल जवळजवळ स्वच्छ राहिला. जावयाने मालकाला विचारलं. उत्तर असं आलं की, होडी हिवाळ्यात आत, पण जून ते सप्टेंबर नदीकाठच्या गवतावर, कायम एकाच तोंडाने पालथी. एका अंगाने तीस उन्हाळे खाल्ले होते.

"व्हिनाइल खडू झालंय," सासरे म्हणाले. "पण संपलेलं नाही." त्यांनी अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. नखाची खूण उमटली आणि हळूच भरून आली. "अजून लवचीक आहे. कोरडं पडलं असतं तर नखाखाली तुकडा उडाला असता."

आता बुडाची पाळी. खडकाचे लांब, समांतर चरे जावयाला जितके प्रिय होते तितकेच सासऱ्यांना बिनमहत्त्वाचे वाटले, हे ऐकून जावई चकित झाला. चरा किती लांब आहे याला अर्थ नाही, तो कुठल्या थरापर्यंत गेलाय ते पाहायचं. नख अडतंय पण तळाशी हिरवंच दिसतंय, तर चरा व्हिनाइलमध्येच आहे, सोडून द्या. तळाशी रंग बदलला, तर एबीएस उघडं पडलं. बारीक छिद्रांचा फोम दिसला, तर होडी तिथे नुसत्या आतल्या अंगावर तरतेय. सॅको नदीच्या तळाशी वाळू आहे, आणि उन्हाळ्यात पाणी इतकं कमी होतं की होडी जागोजागी घासत न्यावी लागते. वाळू खडकासारखी चरे पाडत नाही, ती पॉलिश पेपरसारखी सगळंच पातळ करत जाते. मधल्या बुडावर रंग शाबूत होता. दोन्ही टोकांना मात्र तळहाताएवढ्या राखाडी ठिगळांखेरीज काही दिसत नव्हतं.

"हे काय झाकलंय?"

"केव्हलरचं कापड, इपॉक्सीत भिजवून चिकटवलेलं. होडी काठाला लागते तेव्हा हेच टोक आधी घासतं, म्हणून लावतात. बरेच जण नव्या होडीलाही लावून घेतात."

"आणि बरेच जण भोक पडल्यावर लावतात."

याला जावयाकडे उत्तर नव्हतं, आणि टोकांबद्दल सासऱ्यांना जास्त कळत होतं. व्हॅक्यूमने ओढलेल्या कुठल्याही वस्तूत शीट जिथे सर्वांत जास्त ताणली जाते तिथे ती पातळ होते. फ्रिजच्या पेटीत ते खालचे कोपरे, कनूत दोन्ही टोकं. होडीवाल्या कंपन्या शीट मागवतानाच बुडाला आणि टोकांना जादा थर घालून घ्यायच्या, हे जावयाने सांगितलं. तरी झीज सुरू व्हायची ती टोकांपासूनच.

मग सासऱ्यांनी होडी सुलटी करायला सांगितली. "बाहेरून रंग लावता येतो, ठिगळ लावता येतं. आतून कोण लावतं?" ते टोकाच्या सांदीत मोबाइल घालून, मान वाकडी करून बराच वेळ पाहत राहिले. खरोखर मोठा धक्का बसलेला असेल तर आतल्या व्हिनाइलवर केसासारख्या भेगा दिसतात, किंवा पांढरी चंद्रकोर. इथे काही नव्हतं. ठिगळ वेळेत लावलेलं होतं. तेवढ्यात त्यांना मागच्या बैठकीपाशी आतल्या बाजूला दोन-तीन चिकट, चमकदार डाग दिसले, बोटांच्या आकाराचे.

"हे?"

जावई हसत सुटला. "डासांचं औषध. मेनमध्ये मे-जूनमध्ये काळ्या माश्या माणसाला जिवंत सोडत नाहीत. त्या औषधात डीट असतं, ते व्हिनाइलला मऊ करतं. औषध चोळून तसाच हात टेकला असणार कुणीतरी."

"नुकसान?"

"शून्य. पण होडी वापरात होती याचा पुरावा."

सासऱ्यांना तो पुरावा आवडला असावा. त्यांनी डाग रुमालाने पुसून पाहिला, तो गेला नाही, आणि ते पुढे सरकले.

माठ घेताना बायका वाजवून घेतात, तसं त्यांनी बूड टिचकीने वाजवायला सुरुवात केली. वीत वीत अंतरावर, एका रांगेत. टक, टक, टक. मागच्या बैठकीच्या थोडं पुढे आवाज बसला. अंगठा दाबला तर तिथलं कातडं किंचित दबलं आणि परत आलं, पण आजूबाजूच्यापेक्षा सैल. हाताच्या पंज्याएवढी जागा होती. फोम खडकावर चिरडला गेला असेल किंवा थर एकमेकांपासून सुटले असतील. बाहेरून दोन्ही सारखंच वाटतं.

"ही मऊ जागा चालते," जावई म्हणाला. "रॉयलेक्सच्या बहुतेक जुन्या होड्यांत एखादी असतेच. ती वाढत नाही ना, एवढं बघायचं."

"वाढत नाही, हे एका दिवसात कसं कळणार? शंभर कमी करा."

*

काठाशी येईपर्यंत सगळं बरं चाललं होतं. होडीच्या वरच्या कडेला आतून आणि बाहेरून अॅश लाकडाच्या पट्ट्या होत्या, स्क्रूंनी आवळलेल्या. काठ म्हणजे कनूचा कणाच. तो सरळ असेल तर होडी सरळ चालते. जावयाने एका टोकाला डोळा लावून तो नजरेने पारखला. रेष सुरेख होती. लाकूडही गोरं, नवं, तेल पाजलेलं.

"तीस वर्षांच्या होडीला पाच वर्षांचं लाकूड?" सासरे खाली वाकले. पट्टीच्या खालच्या कडेला, हिरव्या अंगावर, एक बुजवलेलं बारीक भोक होतं. मग हातभर अंतरावर दुसरं. मग तिसरं. प्रत्येक भोकापर्यंत वरून एक पुसट रेष उतरत होती. त्यांनी ते ओळखायला क्षणही घेतला नाही. "क्रॅक जाऊ नये म्हणून टोकाला भोक मारलंय. आमच्याकडे पण हेच करायचो. भेग गोल भोकाशी येऊन थांबते. हा तडा स्क्रूपासून निघालाय. कशाने?"

"थंडीने," जावयाने आवाज खाली आणला. ही गोष्ट त्याला माहीत होती, पण ती याच होडीत निघेल असं वाटलं नव्हतं.

सासऱ्यांनी खिशातून पेन काढलं, आणि पेट्रोलच्या पावतीमागे हिशेब मांडला. एबीएस अंशामागे लांबीच्या लाखातले साधारण आठ भाग आकसतं. लाकूड आपल्या धाग्याच्या दिशेने जेमतेम अर्धा भाग. होडी ४८८ सेंटीमीटर. शरदातले २० अंश आणि इथल्या कडक रात्रीचे उणे २५, फरक ४५ अंशांचा. प्लास्टिक १७ मिलिमीटरहून जास्त आत यायला बघणार, लाकूड फार तर एक मिलिमीटर. "म्हणजे दीड सेंटीमीटरहून जास्त ओढाताण, आणि दोघांना धरून बसलेले हे स्क्रू. कुणीतरी फुटणारच. जे थंडीत ठिसूळ झालंय ते फुटणार."

ही अडचण एकट्या या होडीची नाही. रॉयलेक्सच्या होडीला लाकडी काठ असेल आणि ती न तापवलेल्या कोठारात राहणार असेल, तर हिवाळ्याआधी काठाचे स्क्रू ढिले करायचे, मधले बरेचसे काढूनच ठेवायचे, हा इथल्या जाणत्यांचा शिरस्ता आहे. व्हिनाइल चढवलेल्या अॅल्युमिनियमच्या काठाला असा तडा जाण्याचा धोका बराच कमी. तसला काठ दिसायला मात्र तितका देखणा नाही. मालकाला विचारल्यावर त्याने लपवाछपवी केली नाही. एका हिवाळ्यात राहून गेलं, म्हणाला. रात्री कोठारातून बंदुकीसारखा आवाज आला. वसंतात त्याने भेगांच्या टोकांना भोकं मारली, आतून काचेचं कापड इपॉक्सीने चिकटवलं, आणि लाकूड नवं घातलं.

"झालं तर," सासरे मराठीत म्हणाले. "माझ्या क्यूसीमध्ये हा जॉब रिजेक्ट."

"आणि माझ्या नदीवर पास," जावई पहिल्यांदा जोरात बोलला, आणि बोलल्यावर जरा ओशाळला. मग समजुतीने म्हणाला, "बाबा, हे तडे पाण्याच्या रेषेच्या वर आहेत. दुरुस्ती आतून पक्की आहे, एवढे हिवाळे गेले तरी भेग भोकापुढे सरकलेली नाही. इथले मूळ लोक बर्च झाडाच्या सालीची कनू करायचे. साल फाटली की स्प्रूसच्या राळेने सांधायची आणि पुढे निघायचं. होडी सांधता येते, हाच तिचा टिकाऊपणा नाही का? पॉलिथिलीनची घेतली तर ती अजून स्वस्त पडेल, दगडालाही दाद देणार नाही. पण तिला गोंद धरत नाही. फाटली की वेल्डिंग, नाहीतर कचरा."

"एबीएसला धरतो," सासरे म्हणाले. त्यांना हे मान्य करावंच लागलं. शेडमध्ये तडा गेलेल्या पेटीसाठी ते एबीएसचाच भुसा अॅसिटोनमध्ये विरघळवून खिरीसारखा लगदा करायचे आणि भेगेत भरायचे. एबीएस एबीएसमध्येच मिसळून जातं. "फक्त अॅसिटोन जास्त झालं की आजूबाजूचंही मऊ होतं. हात हलका पाहिजे."

"बघा. तुमच्यासारखा माणूस घरात असताना..."

"मी नोव्हेंबरात चाललो."

नव्या होडीचाही विचार झाला, पण थोडक्यात. रॉयलेक्स नवीन मिळत नाही. शीट बनवणारी शेवटची कंपनी स्पार्टेक. ती २०१३ मध्ये पॉलीवनने घेतली, आणि इंडियाना राज्यातल्या वॉर्सॉच्या कारखान्यातलं उत्पादन बंद झालं. साठे संपले तशा अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या कंपन्यांनी आपापली मॉडेलं गुंडाळली. क्वेबेकमधल्या एस्किफने पुढे टी-फॉर्मेक्स नावाची तशीच शीट काढली. चांगली आहे, पण तिची नवी कनू या जुनीच्या कितीतरी पट महाग. पॉलिथिलीनच्या तीन थरांची कनू ओल्ड टाउनने १९८४ पासून विकली. तीही दणकट, पण त्याच लांबीत बरीच जड. "आणि ही उचलायची कुणी?" सासऱ्यांनी आपल्या गुडघ्याकडे पाहत विचारलं. समोरची हिरवी ३३ किलोच्या आसपास होती. तेवढी जावई एकटा खांद्यावर घेऊ शकला असता.

*

पाणी दीडशे पावलांवर होतं. मालकाने दोन लाइफ जॅकेटं दिली. जावई मागे, सासरे पुढे, गुडघ्यांवर. सॅको त्या वळणावर संथ होती, तळाची वाळू वल्ह्याच्या टोकापर्यंत दिसत होती. वीस एक वल्ही मारल्यावर सासऱ्यांनी वल्हं आडवं टाकून खाली पाहिलं. त्यांच्या गुडघ्यांच्या मधलं बूड श्वास घेतल्यासारखं वर उचलत होतं आणि खाली बसत होतं.

"हे काय चाललंय?"

"बूड लवतं ते. सपाट बुडाच्या रॉयलेक्समध्ये थोडं होतंच. वेग कमी होतो. पण याच लवण्यामुळे ती दगडावरून सरकते, अडकत नाही."

सासऱ्यांनी तळहात बुडावर ठेवला आणि दोन-तीन लाटा तशाच हाताखालून जाऊ दिल्या. त्यांच्या शेडमध्ये अशी पेटी आली असती तर ती पातळ ओढली म्हणून परत गेली असती. इथे तीच गोष्ट गुण म्हणून सांगितली जात होती, आणि हाताला ती पटतही होती. मऊ जागा त्यांच्या मागे कुठेतरी होती. तिथून थेंबही आत आला नव्हता. "ही बुडाली तर?" त्यांनी विचारलं.

"पाण्याने भरेल, पण तळाला जाणार नाही. मधला फोम तिला वर धरतो."

परत काठावर आल्यावर भावाची बोलणी सासऱ्यांनी जावयाच्या तोंडून केली. मऊ जागेचे शंभर, उन्हाच्या अंगाचे पन्नास. तड्यांचं त्यांनी काही कापलं नाही. "दुरुस्ती चांगली केली त्याने. चांगल्या कामाचे पैसे कशाला कापायचे?" ५५० वर मालक हो म्हणाला. एवढे पैसे भाड्याच्या होडीवर दहा-बारा खेपांतच गेले असते, हे जावयाने वाटेत दोनदा ऐकवलं.

टपावर होडी बांधताना दोघांचं पुन्हा जुंपलं. जावयाने मधले दोन पट्टे करकचून ओढले, तशी काठाची पट्टी जराशी आत दबली. सासऱ्यांनी दोन्ही पट्टे बोटभर सैल केले आणि पुढच्या-मागच्या टोकांना वेगळे दोर घातले. "टोकं धरायची. पोट कशाला आवळायचं?" हमरस्त्यावर ताशी साठ मैलांनी जाताना होडी टपावर गुणगुणत राहिली, पण हलली नाही.

श्रूजबरीला पोचेपर्यंत अंधार पडला. हवामान खात्याने त्या आठवड्यात पहिलं दहिवर सांगितलं होतं. मुलगी दारात आली, तिने टपावरच्या होडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही तर नको म्हणणार होता ना?"

"मी नाही घेतली. यांनी घेतली," सासरे म्हणाले. ते तोवर गॅरेजमध्ये शिरले होते आणि मागच्या भिंतीपासून दरवाजापर्यंत पावलं मोजत होते. एक बाजू जावयाच्या गाडीची, दुसरी मुलीच्या. त्यांनी दुसरी बाजू पुन्हा एकदा मोजली.

"अगं, तुझी गाडी हिवाळाभर बाहेर राहिली तर चालेल का?" त्यांनी आतूनच विचारलं. "आणि यांच्याकडे स्क्रूड्रायव्हर कुठे असतो?"